गळाच्या शौकाच्या बोटी: कारागीर, आठवणी आणि वाद

हवानाजवळच्या फिन्का व्हिजिया या घराच्या आवारात एक बोट छपराखाली उभी करून ठेवली आहे. अर्नेस्ट हेमिंग्वेची ही 'पिलार'. ब्रुकलिनच्या व्हीलर कारखान्यात १९३४ साली बांधलेली, ३८ फूट लांबीची, काळ्या अंगाची. कारखान्याच्या ठरीव नमुन्यातलीच ही बोट. पण घेताना हेमिंग्वेने तिच्यात काही फेरफार करून घेतले. त्यातला एक मासे पकडणाऱ्यालाच सुचावा असा होता. बोटीची मागची भिंत त्याने फूटभर खाली घ्यायला लावली आणि तिच्या काठावर आडवा लाकडी रूळ बसवून घेतला. दोन-अडीचशे किलोंचा मासा बोटीत ओढताना त्या फूटभराची किंमत कळते.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या जुन्या स्पोर्टफिशिंग बोटींचा इतिहास म्हणजे अशाच फेरफारांची साखळी आहे. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या तीनेक दशकांत फ्लोरिडा, नॉर्थ कॅरोलिना आणि न्यू जर्सी इथे बांधलेल्या या बोटींबद्दल आज विलक्षण जिव्हाळा दिसतो. जुने मालक त्या पुन्हा शोधून काढतात, कारागिरांचे शिष्य त्यांच्या कथा सांगतात आणि कोणती बोट कोणाच्या हातची, हे नुसत्या नाळेच्या वळणावरून ओळखणारे दर्दी गोदीगोदीवर भेटतात. या जिव्हाळ्याच्या पोटात काही वादही आहेत. पहिली खरी बोट कोणाची? हाताने बांधलेली श्रेष्ठ की साच्यातून काढलेली? जुनी बोट जपायची म्हणजे तिच्यातले नेमके काय जपायचे? या प्रश्नांची आजची स्थिती मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

शौकाची सुरुवात

गळाने मोठे मासे पकडण्याच्या शौकाला शिस्त लागली ती पश्चिम किनाऱ्यावर. कॅलिफोर्नियासमोरच्या कॅटलिना बेटाजवळ चार्ल्स फ्रेडरिक होल्डर याने १८९८ मध्ये १८३ पौंडांचा ट्यूना गळाला लावून बाहेर काढला. त्याच वर्षी तिथल्या ॲव्हलॉन गावात ट्यूना क्लब स्थापन झाला. आपल्या बाजारातला कुपा याच कुळातला. पण अटलांटिकमधला ब्लूफिन ट्यूना घोड्याच्या वजनाला पोचतो. क्लबने नियम घातला की मासा ठरावीक साधनांनी आणि दुसऱ्याची मदत न घेता ओढला पाहिजे. मासा मिळवणे हे उद्दिष्ट मागे पडले आणि तो कसा मिळवला याला महत्त्व आले. पुढे झेन ग्रे या लोकप्रिय कादंबरीकाराने आपल्या लेखनातून हा शौक दूरवर पोचवला.

बोटी मात्र अजून साध्याच होत्या. त्यांचे रूप बदलले ते १९३० च्या दशकात, बहामातल्या बिमिनी बेटाभोवती. मायामीपासून हे बेट जेमतेम ५० मैलांवर. किनाऱ्यालगतच खोल पाणी आणि त्यात मार्लिन व ब्लूफिनची ये-जा. अडचण शार्कची होती. गळाला लागलेला मासा थकून वर येईपर्यंत शार्क त्याचे लचके तोडत. १९३५ मध्ये हेमिंग्वेने तिथे ब्लूफिन अखंड बाहेर काढला, तेव्हा त्याचे मोठे अप्रूप वाटले होते. मासा लवकर ओढायचा तर बोटीनेच त्याच्या मागे धावले पाहिजे, चटकन वळले पाहिजे, गरज पडल्यास उलटेही जाता आले पाहिजे. बोटीकडे आता गळाच्या काठीइतकेच एक साधन म्हणून पाहिले जाऊ लागले. टॉमी गिफर्डसारख्या तांडेलांनी बोटीच्या दोन्ही बगलांना लांब काठ्या लावल्या, म्हणजे आमिष बोटीमागच्या फेसापासून दूर, स्वच्छ पाण्यावर उड्या मारत जाई. १९३९ मध्ये मायकेल लर्नर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी आंतरराष्ट्रीय गेम फिश संघटना उभारली आणि विक्रमांच्या नोंदींना एक सर्वमान्य चौकट मिळाली.

पाम बीचचे तीन भाऊ

आठवणींच्या या दुनियेत सर्वांत आधी निघणारे नाव रिबोविच. युरोपातून आलेल्या जॉन रिबोविच यांनी १९१९ मध्ये फ्लोरिडातल्या वेस्ट पाम बीच इथे बोटदुरुस्तीची गोदी सुरू केली. लोक त्यांना 'पॉप' म्हणत. युद्धानंतर त्यांच्या तीन मुलांनी कामे वाटून घेतली: जॉनी स्वतः पट्टीचा गळकरी, टॉमीच्या हातात लाकूड आणि रेषा, तर एमिलचे डोके यंत्रांत. शेव्हरोले मोटारींच्या एका विक्रेत्यासाठी १९४७ मध्ये त्यांनी ३४ फुटी 'मिस शेव्ही टू' बांधली. आधुनिक स्पोर्टफिशिंग बोटीची सुरुवात बहुतेक जण इथूनच मोजतात.

या बोटींचे देखणेपण कामातून आले होते. पुढून येणाऱ्या लाटा चढाव्यात म्हणून नाळ उंच हवी आणि मासा हाताशी यावा म्हणून मागची बाजू पाण्यालगत हवी. या दोन उंच्या जोडणारी काठाची रेषा मध्येच एका वळणाने खाली उतरते; हीच रिबोविचची ओळख ठरली. ॲल्युमिनियमच्या बगलेच्या काठ्या, पाय टेकवून जोर लावता येईल अशी फिरती खुर्ची, मागच्या भिंतीतले मासा आत घेण्याचे दार आणि उंच टेहळणी मनोरा यांचेही श्रेय त्यांच्या गोदीला दिले जाते.

मनोऱ्याची गरज बिमिनीतच निर्माण झाली. मे-जूनमध्ये ब्लूफिनचे थवे बहामाच्या उथळ पठाराच्या कडेने उत्तरेला जात. पांढऱ्या वाळूवर त्यांच्या काळसर सावल्या उंचावरून स्पष्ट दिसत. तांडेल मनोऱ्यावरूनच बोट चालवी, थव्याच्या पुढे जाऊन आमिष टाकी आणि मासा लागला की तो खोल पाण्यात शिरण्याआधी त्याला उथळ बाजूला वळवायची धडपड सुरू होई. याच कामासाठी पोम्पानो बीचच्या मेरिट घराण्याने बांधलेल्या ३७ फुटी बोटींना आजही मान आहे. मेरिट मंडळी स्वतः समुद्रावर जाणारी, त्यामुळे त्यांच्या बोटींत मिरवण्यापेक्षा उपयोगावर भर होता असे त्यांचे चाहते सांगतात. त्याच किनाऱ्यावरच्या स्टुअर्ट गावात व्हिटिकार गोदीनेही आपली स्वतंत्र शैली घडवली.

रिबोविच बंधूंनी बांधलेल्या बोटी शंभरीच्या आतच आहेत. टॉमी १९७२ मध्ये वारला आणि १९७५ मध्ये कुटुंबाने व्यवसाय विकला. पुढे ती गोदी अवाढव्य सुखनौकांच्या दुरुस्तीसाठी प्रसिद्ध झाली, तर एमिलचा मुलगा मायकल आपल्या पुढच्या पिढीसह वेगळ्या ठिकाणी घराण्याच्या पद्धतीच्या बोटी बांधू लागला. परंपरा जागेत असते की माणसांत, हा प्रश्न या एकाच घराण्यात दोन पत्त्यांवर उभा आहे.

कॅरोलिनाची नाळ

उत्तरेला नॉर्थ कॅरोलिनाच्या बाह्य पट्ट्यावर वेगळी शाळा तयार झाली. १८४६ च्या वादळात फुटलेल्या ओरेगन इनलेट या मुखातून तिथल्या बोटी समुद्रात जातात. मुखावर वाळूचा उथळ बांध, त्यावर फुटणाऱ्या लाटा आणि पुढे गल्फ स्ट्रीम या सागरी प्रवाहापर्यंतचा लांबचा पल्ला. बोट रोज भाड्याने जाणार, म्हणजे गिऱ्हाईक कोरडे राहिले पाहिजे आणि बोट सुखरूप परत आली पाहिजे. त्यातून नाळ पाण्याशी धारदार आणि वर फुलासारखी बाहेर उमलणारी झाली. उडालेले पाणी या फुगवट्यावर आपटून बाजूला फेकले जाते. याला कॅरोलिना फ्लेअर म्हणतात.

या शाळेचा आद्य गुरू म्हणून वॉरन ओ'नील यांचे नाव घेतले जाते. त्यांच्या हाताखाली शिकलेले ओमी टिलेट तांडेलही होते आणि कारागीरही. मुखाबाहेर पडणाऱ्या बोटींसाठी पहाटे रेडिओवरून ते प्रार्थना म्हणत, ही आठवण तिथला प्रत्येक जुना माणूस सांगतो. सनी ब्रिग्ज, बडी डेव्हिस, बडी कॅनडी, रिकी स्कारबरो, पुढे पॉल मान, पॉल स्पेन्सर अशी माळ लागत गेली. या कारागिरीला आधीचीही मुळे आहेत. रोअनोक बेटावर जॉर्ज वॉशिंग्टन क्रीफ याने एकोणिसाव्या शतकात घडवलेली शॅडबोट ही शिडाची मासेमारी होडी आज राज्याची अधिकृत बोट आहे.

इथे आराखडा कागदावर क्वचितच असे. लाकडी चौकटींचा सांगाडा उभारायचा, त्यावर फळ्या वाकवायच्या, लांब लवचिक पट्टी लावून रेषा डोळ्याने तपासायची. बोट उतरली की तांडेलाकडून तक्रारी ऐकायच्या आणि पुढच्या बोटीसाठी त्याच सांगाड्यात थोडी काटछाट करायची. कोकणात खाडीकाठी मिस्त्रीला काम करताना ज्यांनी पाहिले आहे, त्यांना ही पद्धत परकी वाटणार नाही.

साच्याचे आगमन

१९६० हे वळणाचे वर्ष. त्या वर्षीच्या मायामी-नासाऊ शर्यतीत समुद्र खवळलेला असताना रिचर्ड बर्ट्रामची 'मॉपी' विक्रमी वेळेत पहिली आली. तिचा तळ रे हंटने आखलेला होता: नाळेपासून मागच्या भिंतीपर्यंत खोल इंग्रजी 'व्ही'च्या आकाराचा. सपाट तळाची बोट वेगात लाटांवर आपटते. हा तळ लाट कापत जातो. तिच्यावरून आलेली, साच्यातून काढलेली फायबरग्लासची (काचतंतूंची) ३१ फुटी बर्ट्राम पुढे अठराशेहून अधिक संख्येने निघाली.

त्याच वर्षी नॉर्थ कॅरोलिनातल्या हाय पॉइंट या, समुद्रापासून दूर असलेल्या आणि फर्निचरसाठी प्रसिद्ध शहरात ४१ फुटी फायबरग्लास बोट तयार झाली. विलिस स्लेन हे मोज्यांच्या कारखान्याचे मालक. केप हॅटरस या भूशिराजवळच्या खराब हवेत मासेमारी अडली आणि असल्या पाण्यात टिकणारी बोट बांधायचे त्यांनी मनावर घेतले, असे सांगतात. आराखडा जॅक हार्ग्रेव्हचा, कंपनीचे नाव हॅटरस. एवढी मोठी काचतंतूंची बोट साच्यातून निघेल यावर तेव्हा अनेकांचा विश्वास नव्हता.

न्यू जर्सीत लाकडी बोटींची मोठी परंपरा होती: एग हार्बर, लीक कुटुंबाची पेसमेकर, पोस्ट. १९६४ मध्ये बॉब आणि बिल हीली या भावांनी एक लहान लाकडी बोटींचा कारखाना घेतला आणि त्यातून व्हायकिंग कंपनी उभी राहिली. हे कारखाने केवळ हौसेवर चालत नव्हते, हे १९९१ मध्ये सर्वांना दिसले. एक लाख डॉलरवरच्या रकमेवर १० टक्के चैन-कर लागू झाला, मागणी कोसळली, हजारो कामगारांचे काम गेले. १९९३ मध्ये बोटींवरचा हा कर मागे घेण्यात आला, पण काही जुनी नावे त्या धक्क्यातून पूर्ण सावरली नाहीत.

पहिला वाद: श्रेय कोणाचे

रिबोविचला आद्यत्व देणाऱ्यांचे म्हणणे असे की १९४७ पूर्वी लोक सुखनौकेत किंवा होडीत बदल करून मासे पकडत. केवळ गळाच्या शौकासाठी मुळापासून विचार केलेली बोट त्यांनीच प्रथम दिली. सुटे भाग आधी असतील, पण ते एका देखण्या आणि कामाच्या रूपात त्यांनी बसवले.

दुसऱ्या बाजूचे अभ्यासक आठवण करून देतात की न्यू इंग्लंडच्या तलवार मासा पकडणाऱ्या बोटींच्या डोलकाठीवर टेहळ्या आधीपासून बसत होता, बगलेच्या काठ्या गिफर्डच्या पिढीने वापरल्या होत्या आणि लढतीच्या खुर्च्या १९३० च्या दशकातही होत्या. त्यांच्या मते शोध गोदीत लागला नाही, तो तांडेलांनी आणि खलाशांनी पाण्यावर लावला. गोदीने त्याला नीट रूप दिले.

दोन्ही बाजूंचे पुरावे एकमेकांना फारसे खोडत नाहीत. खरी अडचण नोंदींची आहे. कारागिराची सही बोटीवर राहते, मालकाचे नाव कागदपत्रांत राहते. पण 'हा कोपरा जरा गोल करा' असे सांगणाऱ्या खलाशाची नोंद कुठेच नसते.

दुसरा वाद: लाकूड की फायबर

लाकडाच्या बाजूने बोलणारे सांगतात की लाकडी बोट लाटेवर कमी आवाज करते, अंगाला धक्का कमी बसतो आणि प्रत्येक बोट मालकाच्या गरजेप्रमाणे बदलता येते. शिवाय लाकूड संपलेले नाही. १९७० च्या दशकात मिशिगनच्या गुजन बंधूंनी लाकूड आणि इपॉक्सी यांच्या जोडकामाची पद्धत रूढ केली. पातळ लाकडी थर एकमेकांना तिरके चिकटवून बांधलेले अंग हलके, कडक आणि बरेचसे जलरोधक असते. आजच्या अनेक महागड्या कॅरोलिना बोटी याच पद्धतीने उभ्या राहतात.

साच्याची बाजूही भक्कम आहे. एकच आकार शेकडो वेळा तंतोतंत निघतो, देखभाल कमी लागते आणि किंमत खाली येते. ३१ फुटी बर्ट्राममुळे मध्यमवर्गीय डॉक्टर किंवा दुकानदार खोल समुद्रात जाऊ शकला, हे तिचे चाहते अभिमानाने सांगतात. कोणत्या बोटीच्या आठवणी जास्त घरांत आहेत असे विचारले, तर उत्तर लाकडी बोटीच्या बाजूने जाणे अवघड.

हा वाद आता पूर्वीसारखा टोकाचा उरलेला नाही. लाकडी म्हणवणाऱ्या बोटीवर काचतंतूंचे आवरण असते आणि साच्यातल्या बोटीचा मूळ नमुना कित्येकदा कोणा सुताराने हाताने घडवलेला असतो.

तिसरा वाद: जपायचे काय

जुनी लाकडी बोट जपणे खर्चाचे काम. तिला खाऱ्या पाण्यापेक्षा पावसाचे गोडे पाणी अधिक मारते; ते फटींतून झिरपते आणि लाकूड वरून खाली कुजत जाते. कोकणात पावसाळ्यात होड्या शाकारून ठेवतात त्यामागचे कारण हेच.

एका मताप्रमाणे जीर्णोद्धार मुळाबरहुकूम असावा: तेच लाकूड, तशाच जोडण्या, शक्यतो त्याच प्रकारची यंत्रे. बदलत गेलेली बोट ही पुराव्यात फेरफार केल्यासारखी आहे. दुसरे मत असे की या बोटी जन्मापासून बदलत आल्या. पेट्रोलच्या यंत्रांच्या जागी डिझेल आले, मनोरे नंतर चढले. आज त्यात नवे यंत्र किंवा डोलणे कमी करणारा जायरो बसवला, तर ती समुद्रावर जात राहील आणि तिची खरी ओळख समुद्रावरच आहे. तिसरे मत बोटीपेक्षा विद्येकडे पाहते: चौकट कशी उभी करायची, फळी कुठे वाफवून वाकवायची हे शिकवणारे हात टिकले, तर बोट पुन्हा बांधता येईल. रोअनोक आणि ब्यूफोर्ट इथली सागरी संग्रहालये पारंपरिक बोटबांधणी जपतात ती याच भावनेतून.

आठवणींबाहेरचा हिशेब

या साऱ्या जिव्हाळ्यावर काही रास्त आक्षेप आहेत. जुन्या छायाचित्रांत धक्क्यावर उलटे टांगलेले मासे दिसतात. १९५३ मध्ये पेरूच्या काबो ब्लांकोजवळ आल्फ्रेड ग्लासेलने पकडलेला १,५६० पौंडांचा काळा मार्लिन आजही विक्रम म्हणून उभा आहे. पण मोठे मासे घटले याची चिंता त्या पिढीनंतर वाढत गेली. बिमिनीचे ब्लूफिनचे थवे विरळ झाले. त्यात व्यापारी जाळ्यांचा आणि लांब दोरांच्या गळांचा वाटा मोठा, असे गळकरी म्हणतात. शौकाची मासेमारीही पूर्णपणे निर्दोष नाही, असे संवर्धनवादी म्हणतात.

शौकातल्या लोकांनी काही पावले स्वतःहून उचलली. वुड्स होल या सागरी संशोधन केंद्रातल्या फ्रँक मेदर याने १९५४ मध्ये गळकऱ्यांच्या मदतीने माशांना खूण लावून सोडण्याचा उपक्रम सुरू केला. आज मार्लिन सोडून देणे हाच बहुतेक ठिकाणचा रिवाज आहे. एक गंमत मात्र राहते. मासा आत घ्यायचाच नसेल, तर मागच्या भिंतीतल्या दाराचे काम बरेच कमी होते. तरीही ते दार नव्या बोटींत असते.

दुसरा आक्षेप पैशाचा. नव्या मोठ्या बोटींची यंत्रे प्रत्येकी दोन हजार अश्वशक्तीहून अधिक ताकदीची असतात, वेग ४० नॉटच्या पुढे जातो आणि स्पर्धांची बक्षिसे लाखो डॉलरांची असतात. जुन्या बोटींचे प्रेम हे या दौडीवरचे मूक भाष्य आहे असे काहींना वाटते. इतरांच्या मते जुन्या बोटीही तेव्हाच्या श्रीमंतांच्याच होत्या. काळ गेला की चैन साधी वाटू लागते.

काय उरले आहे

तीन प्रश्न मोकळे आहेत. पहिला, डोळ्याने बांधलेल्या बोटींची अचूक मोजमापे आणि कारागिरांच्या मुलाखती पुरेशा प्रमाणात घेतल्या जातील का. ती पिढी झपाट्याने कमी होते आहे. दुसरा, उमेदवारीने शिकण्याची साखळी टिकेल का. संगणकावर तळ आखून यंत्राने चौकटी कापता येतात, त्यामुळे काम अचूक होते. पण रेषा चुकली हे हाताला कळण्याचा सराव कुठून येणार, यावर कारागिरांतच दुमत आहे. तिसरा, या बोटी ज्या माशांसाठी आकाराला आल्या ते मासे किती उरतील.

व्हीलर घराण्याच्या वंशजाने २०२० मध्ये मेन राज्यातल्या ब्रुकलिन गावच्या गोदीतून 'पिलार'च्या रूपाची नवी ३८ फुटी बोट उतरवली. बाहेरून ती आजोबांच्या काळातली, आतून आजची. आणि ती चालते. मूळ 'पिलार' हवानाजवळ कोरड्या जमिनीवर आहे, फूटभर खाली घेतलेल्या भिंतीसह. जपणूक कशाला म्हणायचे याची दोन उत्तरे या दोन बोटींत आहेत. गोदीवर भेटणाऱ्या जुन्या तांडेलांपैकी काही जण नवीकडे बोट दाखवतात, काही मूळ 'पिलार'कडे.